घरापर्यंतचा खडी-मुरमाचा रस्ता: टिकेल असा कसा करायचा

खडीच्या रस्त्याचं आयुष्य पाणी ठरवतं. माझे वडील, आण्णा, सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते, त्यामुळे हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. पूर्वी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या अंगावर असायचा. त्या तुकड्यावरचे खड्डे, गटारं, साइडपट्टी, कडेचं गवत, सगळं त्याने बघायचं. आण्णांकडे फावडं, कुदळ, घमेलं, विळा आणि धुम्मस (माल ठोकून दाबायचं जड अवजार) एवढीच अवजारं होती. पावसाचा जोर असला की डोक्यावर इरलं घेऊन ते घराबाहेर पडत आणि त्या दिवशी घमेलं घरीच राहत असे. फक्त कुदळ न्यायचे, कारण भर पावसात रस्त्यावर टाकायला काही लागत नाही. तुंबलेलं पाणी तेवढं मोकळं करायचं असतं.

आता मी भोर तालुक्याच्या पश्चिम भागात राहते. वर डोंगर, खाली ओढा, मधे भातखाचरं. गावच्या डांबरी रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत साधारण २०० फूट खडी-मुरमाचा रस्ता आहे. तो आम्हीच केला आणि आम्हीच राखतो. आसपासच्या बऱ्याच घरांचे रस्ते करताना मी उभी राहून काम करून घेतलं आहे. शहरातून शेतघर बांधायला आलेली मंडळी हल्ली सारखी विचारतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी यामागचं कारण सांगते, कारण ते पटलं तर पुढच्या निम्म्या सूचना आपोआप सुचतील. गाडीचं वजन शेवटी खालची जमीनच पेलते. वरची खडी ते वजन पसरवते आणि जमिनीचं पाण्यापासून रक्षण करते. कोरडी, दाबलेली जमीन भरलेला ट्रक सहज सोसते. तीच जमीन भिजली की मोटारीच्या चाकाखालीही दबते. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकअ‍ॅडमने ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी ओळखली. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे आलं. खाली मोठमोठ्या दगडांचा जाड पाया घालण्यापेक्षा जमीन उंच आणि कोरडी ठेवा, वर लहान, फोडलेले, कोनदार दगड घट्ट बसवा, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे ज्याला डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम) म्हणतात, ते पाणी मारून दाबलेलं खडीकरण, ते त्याच मॅकअ‍ॅडमच्या नावाने ओळखलं जातं.

आखणी पावसातच करा

रस्ता करायचा हिवाळ्या-उन्हाळ्यात, पण आखायचा आषाढ-श्रावणात. एक पावसाळा वाया गेला असं वाटेल. तसं वाटून घेऊ नका. चांगला पाऊस पडत असताना छत्री घेऊन त्या जागेवरून चाला. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे जमीन पायाखाली दबते, शेजारच्या खाचराचं सोडलेलं पाणी कोणत्या बाजूने उतरतं, हे बघून खुंट्या ठोका. मार्च महिन्यात हीच जागा खडखडीत कोरडी दिसेल आणि कुणालाही यातलं काही कळणार नाही. आमच्याकडे काही शेतघरांचे रस्ते थेट जुन्या ओहोळातून गेले आहेत, कारण जागा उन्हाळ्यात पाहिली, उन्हाळ्यातच विकत घेतली आणि उन्हाळ्यातच रस्ता केला.

रुंदी १० फूट धरा. ट्रॅक्टर-ट्रॉली वळणार असेल तर वळणावर १४-१५ फूट लागतात. फाटक १२ फुटांपेक्षा अरुंद करू नका. कधीतरी बोअरवेलची गाडी, पाण्याचा टँकर, पेंढ्याने भरलेला टेम्पो येणारच.

चढ पाण्याच्या नळीने मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन काठ्यांना लावली की कुठल्याही यंत्राशिवाय लेव्हल मिळते. दहा फुटांत एक फूट चढ असेल तिथपर्यंत खडी-मुरूम टिकतो. त्याहून उभा चढ असेल तर वाट वळवून लांब करा. तेही शक्य नसेल तर तेवढ्याच तुकड्यात चाकांखाली काँक्रीटचे दोन पट्टे किंवा काळ्या दगडाची फरसबंदी करा. उभ्या चढावर गाडीची चाकं जागेवर फिरतात आणि खडी मागे फेकतात. तिथे कितीही माल ओतला तरी तो दोन पावसांत खालच्या गटारात जाऊन बसतो.

डांबरी रस्त्याला जोड देतो तिथे बहुतेकांचा हात आखडतो. मोठ्या रस्त्याचं गटार तुमच्या दारावरून वाहत असतं आणि ते बुजवून वरून वाट काढली की पहिल्याच मोठ्या पावसात ते पाणी तुमच्या रस्त्यावर चढतं. तिथे ह्यूम पाईपची, म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या तयार नळाची मोरी घाला. रस्ता ज्यांचा आहे, ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो वा बांधकाम खातं, त्यांची परवानगी आधी घ्या. एक फूट व्यासाचा पाईप पाण्याला पुरतो, पण पालापाचोळा अडकला की आत हात जात नाही, म्हणून मी दीड फुटी सांगते. वाहनं जाणार म्हणून एनपी-३ दर्जाचा घ्या, त्याला वाहत्या दिशेला उतार द्या, वर किमान फूट-दीड फूट मुरूम दाबून भरा आणि जिथे पाणी बाहेर पडतं तिथे मोठे दगड रचा, नाहीतर ती धार खालची माती पोखरत मागे येते.

गटाराचं पाणी शेवटी कुठे सोडणार, हे खुंट्या ठोकतानाच ठरवा. ओढा किंवा नाला जवळ असेल तर उत्तम. दुसऱ्याच्या खाचरात सोडायचं असेल तर त्या घरी जाऊन बसून बोला. भाताला पाणी लागतं, पण वाहून आलेला मुरूम खाचरात कुणालाच नको असतो. गटाराच्या शेवटी दोन-तीन फुटांचा गाळखड्डा केला तर मुरूम त्यात बसतो, वरचं पाणी तेवढं पुढे जातं, आणि खड्ड्यात साठलेला माल पुन्हा रस्त्याला वापरता येतो.

जमीन तयार करणं

कामाला चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. पाऊस गेलेला असतो आणि जमिनीत ओल शिल्लक असते, त्यामुळे दाबणी छान बसते. फक्कीने कडा आखा आणि वरची गवताची, मुळांची माती सहा ते आठ इंच काढून टाका. ती माती परसबागेत न्या. रस्त्याखाली राहिली तर कुजते, भुसभुशीत होते आणि वरचा थर खाली बसतो.

जेसीबीवाल्याला सांभाळावं लागतं ते इथे. त्याला सांगितलं नाही तर तो सरळ एक लांबलचक चर खणतो आणि म्हणतो, आता भरा यात खडी. पावसाच्या मुलखात तो चर म्हणजे हौद. खडीच्या फटींतून पाणी खाली उतरतं, बाहेर जायला वाट नसते आणि रस्ता आतून भिजत राहतो. म्हणून खणलेल्या तळालाच मधे उंच, कडांना उतार असा आकार द्या, आणि तयार रस्त्याचा माथा बाजूच्या जमिनीपेक्षा नऊ इंच ते फूटभर वर येईल असं गणित ठेवा. खाचरातून जाणारा रस्ता तर खाचरात तुंबणाऱ्या पाण्याच्या वरच हवा.

दोन्ही कडांना गटारं आताच काढा. पुढच्या वर्षी बघू म्हणून ठेवू नका. तळ फूटभर रुंद, खोली रस्त्याखालच्या तळाहून थोडी जास्त, बाजू तिरक्या. उभ्या बाजूंचं गटार जुलैत ढासळतं.

मग जमिनीची परीक्षा घ्या. भरलेली ट्रॉली त्या तळावरून सावकाश न्या आणि चाकामागे चालत बघा. जिथे चाक रुततं किंवा चाकाच्या पुढे जमीन उचलल्यासारखी हलते, तिथे खूण करा. तेवढा भाग उकरून काढा आणि पक्क्या मुरमाने थराथराने भरून दाबा.

काळी माती असेल तर वेगळा विचार लागतो. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. त्या भेगांमध्ये खडी जाते आणि पावसात खालचा चिखल खडीतून वर येतो. माझ्या चुलत दिराच्या घराच्या रस्त्याला एका ठेकेदाराने काळ्या मातीवरच डबर (मोठे फोडलेले दगड) पसरला होता. दोन पावसाळ्यांत डबर दिसेनासा झाला. तो कुणी नेला नाही, मातीने गिळला. काळी माती फूट-दीड फूट काढून तिथे मुरूम भरा. एवढी खोली परवडत नसेल तर तळावर जिओटेक्स्टाईल कापड अंथरा. न विणलेलं, जाड, चौरस मीटरला किमान २०० ग्रॅम वजनाचं घ्या आणि दोन पट्टे एकमेकांवर फूट-दीड फूट चढवा. त्यातून पाणी जातं, माती जात नाही. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक मात्र घालू नका. त्यावर पाणी साचतं आणि वरचा थर सरकतो.

माल कोणता, किती

सह्याद्रीच्या या बाजूला आपलं नशीब चांगलं आहे: बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, सगळीकडे मिळतो, आणि खडीसाठी यासारखा दगड नाही. कोकणात जांभा जवळ मिळतो म्हणून लोक त्याचीच खडी वापरतात. जांभा भिंतीला उत्तम, पण चाकाखाली तो चुरतो आणि त्याचा लाल चिखल होतो. तळाला, सोलिंगला, म्हणजे खडीखालच्या मोठ्या दगडांच्या थराला, एखादवेळेस चालेल. वरच्या खडीसाठी कोकणातही काळा दगडच मागवा. नदीतले गोलगोटे फुकट मिळाले तरी नकोत. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली घरंगळतात. क्रशरवर फोडलेली, धारदार कोन असलेली खडीच एकमेकीला धरून बसते.

आता हिशेब. आपल्याकडे माल ब्रासवर मिळतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. रस्ता २०० फूट लांब, १० फूट रुंद, म्हणजे २,००० चौरस फूट. सहा इंचांचं सोलिंग म्हणजे १,००० घनफूट, १० ब्रास. पण हे दाबल्यानंतरचं माप झालं. सुटा माल दाबल्यावर बसतो, म्हणून पाव भाग जास्त धरा: साडेबारा ब्रास. त्यावर तीन इंच खडी म्हणजे ५ ब्रास, मागवताना सहा-साडेसहा. वरचा दोन इंचांचा मुरूम आणि कच (क्रशरवरची दगडाची भुकटी) यांचा थर साडेतीन ब्रासच्या आत, मागवा सव्वाचार. गाडी आली की हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजा, गुणाकाराला १०० ने भागा. चालकाला राग येत नाही. मोजणारं गिऱ्हाईक आहे हे कळलं की पुढची गाडी नीट भरून येते.

दगड, खडी, मुरूम ही गौण खनिजं आहेत. त्यावर सरकारला रॉयल्टी भरलेली असावी लागते आणि गाडीबरोबर वाहतुकीचा पास असावा लागतो. पास बघूनच माल उतरवून घ्या. स्वतःच्या जमिनीतला मुरूम काढायचा असला तरी तहसील कार्यालयात आधी विचारा. विनापरवाना उत्खननाचा दंड मालाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

मुरूम निवडणं हे या सगळ्या कामातलं सर्वात नाजूक काम आहे. खाणवाला सगळ्यालाच पक्का मुरूम म्हणतो. वरच्या थराला असा मुरूम हवा की ज्यात बारीक दगडाचे कण भरपूर आणि चिकणमाती थोडी. चिकणमाती अजिबात नसेल तर थर बांधला जात नाही, उन्हाळ्यात भुसभुशीत होऊन उडतो. जास्त असेल तर पावसात घसरगुंडी होते. घरीच दोन परीक्षा करा. पारदर्शक बाटली निम्मी मुरमाने भरा, पाणी ओता, जोराने हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी खडे, त्यावर वाळू, सर्वात वर गुळगुळीत माती असे थर दिसतील. वरचा मातीचा थर एकूण उंचीच्या दहाव्या ते सहाव्या भागाइतका असेल तर माल कामाचा. दुसरी परीक्षा बोटांची: मुरमातली बारीक माती चाळून भिजवा आणि तळहातावर वळा. सुतळीएवढी बारीक वळी न तुटता होत असेल तर चिकणमाती फार आहे, तो मुरूम नको. वळायला लागताच तुटत असेल तर ठीक.

थर घालणं

सोलिंगला डबर हाताने लावायचा. गाडीतून ओतून जेसीबीने पसरलेलं सोलिंग मला मान्य नाही, कितीही घाई असली तरी. दगडाची रुंद बाजू खाली, निमुळती वर, एकाला एक चिकटून. मधल्या फटींत लहान चिपा हातोडीने ठोकून बसवायच्या. हे काम येणारी जुनी माणसं अजून गावोगाव आहेत, बरीचशी बायामाणसं आहेत. त्यांना शोधा आणि मजुरी नीट द्या. दगड असा लावला की त्याच्यावर उभं राहिल्यावर तो डुगडुगत नाही. मग वर मुरूम पसरून पाणी मारा आणि रोलर फिरवा.

पाणी किती मारायचं? मुठीत मुरूम दाबला की त्याचा लाडू वळला पाहिजे, आणि बोटांमधून पाणी मात्र सुटता कामा नये. लाडू फुटत असेल तर अजून पाणी. हाताला चिखल लागत असेल तर एक ऊन खाऊ द्या.

त्यावर ४० ते ६० मिलिमीटरची खडी, दाबल्यावर तीन इंच भरेल अशी. इथे क्रम पाळा: आधी खडी कोरडीच दाबायची. बरेच लोक खडीबरोबरच कच किंवा मुरूम ओततात. तसं केलं की प्रत्येक खड्याभोवती भुकटीचं अस्तर बसतं, दगडाला दगड भिडत नाही आणि पावसात ती भुकटी वाहून गेली की खडी मोकळी होते. कोरड्या खडीवर ८-१० टनी रोलर कडेकडून मधल्या बाजूला आणायचा, प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर अर्धं चाक चढवायचं. चढावर खालून वर जायचं. खडी पायाखाली सरकायची थांबली की कच पसरा, खराट्याने फटींत ढकला, पाणी मारा, रोलर फिरवा. पुन्हा कच, पुन्हा पाणी. फटी भरेपर्यंत हेच. पुरेसं झालं का, हे बघायची आण्णांची रीत: खडीचा एक सुटा दगड रोलरच्या चाकापुढे ठेवायचा. तो थरात घुसला तर अजून दाबणी हवी. तो वरच्या वर फुटला तर थर बसला.

रोलर आणणं जमत नसेल आणि भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर वापरणार असाल तर एका वेळी तीन-चार इंचांपेक्षा जाड थर घालू नका. ते यंत्र तेवढ्याच खोलीपर्यंत काम करतं. वर कडक दिसतं आणि खाली पोकळ राहतं. जुन्या मातीच्या भिंतीच्या घराजवळ व्हायब्रेटर रोलरचं कंपन बंद ठेवायला सांगा.

सगळ्यात वर दोन इंच: पारखलेला मुरूम, त्यात बारीक खडी आणि कच मिसळून. मिसळणं खालीच, ढिगावर करा. रस्त्यावर आधी मुरूम मग खडी असं वेगवेगळं टाकलं की ते शेवटपर्यंत वेगवेगळंच राहतं.

आता आकार. १० फुटांच्या रस्त्याचा मधला भाग कडांपेक्षा अडीच इंच उंच हवा. डांबरी रस्त्याला यापेक्षा कमी चालतं, खडी-मुरमाला चालत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि पाणी सावकाश सरकतं. पाच फुटांची एक सरळ फळी घ्या, तिच्या एका टोकाखाली अडीच इंचांचा लाकडी ठोकळा ठोका. ठोकळा कडेला, दुसरं टोक मधोमध, आणि वर लेव्हलची बाटली: बुडबुडा मधे आला की उतार बरोबर. दर दहा फुटांवर हे बघा. शेवटचा हात जेसीबीने फिरवायचा असेल तर दात नसलेल्या बकेटने, किंवा सरळ फावड्याने आणि दोरीने.

डोंगराच्या कुशीत वाट कापली असेल तर मधे उंच करण्यापेक्षा सगळा उतार एकाच बाजूला देणं सोपं पडतं. खाली कुणाचं घर किंवा खाचर नसेल तर दरीकडे, असेल तर डोंगराकडच्या गटारात.

चढावर आणखी एक काम आहे. चढाचा उतार आडव्या उतारापेक्षा जास्त असला की पाणी कडेला जायचं सोडून चाकोरीतून सरळ खाली धावतं. त्याला अडवायला दर ३०-४० फुटांवर तिरका आडवा चर किंवा बसका उंचवटा हवा. काळे दगड सपाट बाजू वर करून, उताराला तिरके बसवले की झालं. तोंड गटारात पूर्ण मोकळं ठेवा. स्कूटरही सहज जाईल इतकाच तो उथळ असावा. आमच्या चढावर असे चर आहेत म्हणून तिथला मुरूम जागेवर आहे. याच ओळीतल्या एका रस्त्याला ते नाहीत आणि त्याचा चढ दरवर्षी घळीसारखा होतो.

कडेला दीड फुटाची मुरमाची साइडपट्टी दाबून ठेवा, नाहीतर कडेची खडी बाहेर सांडते. गटाराच्या बाहेरच्या उतारावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. साइडपट्टीवर हरळी चालेल, पण ती वेळच्या वेळी छाटावी लागते; का ते पुढे सांगते.

राखण

नवा रस्ता पहिल्या पावसाळ्यात थोडा बसणार, एखाद-दोन ठिकाणी पाणी धरणार. घाबरू नका. पहिला दणकून पाऊस झाला की कुदळ घेऊन रस्त्यावर चाला. कुठे पाणी कडेला जात नाही, ते बघा आणि तिथली कड खरडून वाट द्या. मोरीच्या तोंडाशी अडकलेला पाला काढा. जुलै-ऑगस्टमध्ये एवढंच काम. चिखलात खडी ओतू नका, ती फक्त पुरली जाते.

खड्डा बुजवायची पद्धत नीट समजून घ्या, कारण जवळजवळ सगळे लोक खड्ड्यात घमेलंभर खडी टाकून मोकळे होतात. चाक ती खडी पहिल्याच आठवड्यात बाहेर फेकतं आणि खड्डा मोठा होतो. पाऊस उघडला की खड्ड्यातलं पाणी आणि चिखल काढा. त्याच्या कडा उभ्या कापून चौकोनी करा, तळ घट्ट लागेपर्यंत खरवडा. थोडं पाणी शिंपडा. वरच्या थराला वापरलं होतं तेच मिश्रण ओलसर करून दोन-तीन इंचांच्या थरात भरा आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. शेवटचा थर बोटभर वर ठेवा, तो गाडीखाली बसेल. खड्डे एका ओळीत मधोमध पडत असतील तर मात्र रस्त्याचा माथा सपाट झाला आहे. तिथे एकेक खड्डा भरत बसू नका, माथा पुन्हा उचला.

उन्हाळ्यात वळणाच्या आधी आणि फाटकाजवळ पत्र्यासारख्या पन्हळी पडतात. कोरडा सुटा माल, वेग आणि ब्रेक यांनी त्या होतात. वरून माल टाकून त्या झाकत नाहीत. पन्हळीच्या तळापर्यंत खरवडून, ओल असताना माल पुन्हा मिसळून दाबावा लागतो.

वर्षातलं मोठं काम आश्विनात, पाऊस ओसरला की. जमीन ओलसर असते तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे जाड लोखंडी अँगल तिरका बांधून, कडेला फेकलेला मुरूम मधे ओढून घ्या. मग रोलर, तो नसेल तर भरलेली ट्रॉली फिरवा. त्याच दिवसांत साइडपट्टीवरची हरळी मुळासकट सपाट करा. गवत उडणारी धूळ धरतं, कड दरवर्षी बोटभर उंच होते, आणि काही वर्षांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध तयार होतो. पाणी गटारापर्यंत पोहोचतच नाही. गटार कोरडं आणि रस्ता तळं. चांगल्या बांधलेल्या रस्त्यांची वाट मी सर्वात जास्त याच कारणाने लागलेली पाहिली आहे. गटारांमधला गाळ वैशाखात, पावसाच्या आधी काढा.

भातलावणीच्या दिवसांत एक गोष्ट घरातल्यांना, भाऊकीला आणि ट्रॅक्टरवाल्याला स्पष्ट सांगावी लागते: चिखलणीची लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर रस्त्यावर चालवायचा नाही. एका फेरीत तो सगळा वरचा थर उकरून टाकतो. चाकं खाचराच्या बांधापाशी बदलायची, किंवा रस्ता ओलांडायच्या जागी फळ्या टाकायच्या. आम्ही त्यासाठी जुन्या सागाच्या जाड फळ्या बांधाला लावून ठेवल्या आहेत, ज्याला लागतील त्याने घ्याव्यात.

धुळीसाठी संध्याकाळी पाणी शिंपडा. जळकं इंजिन ऑइल टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते पहिल्या पावसात गटारात, तिथून ओढ्यात आणि विहिरीत जातं. गवतासाठी मीठ किंवा तणनाशक यांचंही तेच. रस्त्यावरचं तण खुरप्याने निघतं.

दोन-तीन वर्षांनी चाकोऱ्यांवरचा थर झिजलेला दिसेल, खालची खडी डोकं वर काढेल. तिथे एखादा इंच नवा मुरूम द्यायचा, पण आधी जुना पृष्ठभाग कुदळीने हलका खरवडून ओला करून घ्यायचा, म्हणजे नवं जुन्याला चिकटतं. यासाठी काम झाल्यावरच त्याच खाणीचा ब्रासभर मुरूम आणि अर्धा ब्रास कच जास्त मागवून ठेवा. घराच्या मागच्या बाजूला उंचवट्यावर ढीग करा, वर ताडपत्री घाला आणि तिच्या कडा दगडांनी दाबा. पुढे खाण बदलते, मुरमाचा पोत बदलतो, आणि वेगळ्या पोताचं ठिगळ लवकर सुटतं.